हयातीचा दाखला आणि सॅलमँडरचे बाजारभाव

प्रश्न थोडक्यात असा. एका तरुण लेखकाने कादंबरी लिहायला घेतली आहे. काळ साठेक वर्षं पुढचा. माणूस गेला तरी त्याची हुबेहूब बोलणारी प्रतिकृती सर्व्हरवर चालू ठेवता येते. ही प्रतिकृती दर नोव्हेंबरात कॅमेऱ्यासमोर हयातीचा दाखला देते आणि घरच्यांना आजोबांचं पेन्शन मिळत राहतं. पहिली शंभर पानं ज्यांनी वाचली ते पोट धरून हसले. पुढची शंभर वाचून तेच म्हणाले, ‘विनोद कुठे गेला?’ त्यात प्रकाशक म्हणतो की विज्ञानकादंबरी, उपरोधिक कादंबरी की डिस्टोपिया (म्हणजे बिघडलेल्या, भयाण भविष्याची गोष्ट), काहीतरी एक ठरवा. लेखकाला हवं आहे ते हे: तिन्ही प्रकार एका घरात नांदतात कसे?

आधी प्रकाशकाचं मिटवू. पुस्तक कुठल्या फळीवर ठेवायचं ही त्याची काळजी आहे आणि ती रास्त आहे, पण ती तुम्ही वाहू नका. मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ एवढंच छापा म्हणावं.

आता खरा प्रश्न. गेली बावीस वर्षं मी दिवाळी अंकांसाठी आणि प्रकाशकांसाठी हस्तलिखितं वाचतो आहे, आणि या जातीची फसलेली कादंबरी बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने फसते. लेखक भेळ करतो. मूठभर यंत्रमानव, वर मंत्र्यासंत्र्यांची थट्टा, शेवटी तिखट म्हणून एक हुकूमशहा. पहिला घास बरा लागतो. दहा मिनिटांत कुरमुरे मऊ पडतात.

माझ्या समजुतीप्रमाणे या तिघांत कामाची वाटणी असते. विज्ञानाने एकच गोष्ट द्यायची: आज नसलेली, पण एकदा मान्य केली की स्वतःच्या नियमाने चालणारी. उपरोधाने ती वस्तू आजच्या माणसांच्या हाती सोपवायची; तेच दुकानदार, तेच कारकून, तीच वर्तमानपत्रं. आणि डिस्टोपिया? तो वरून घालायचा नसतोच. पहिले दोघे प्रामाणिकपणे चालू ठेवले की वर्षअखेरीला खात्यात जी बाकी निघते, ती डिस्टोपिया. म्हणून ‘दुसऱ्या भागात वातावरण काळोखं करतो’ हा तुमच्या टिपणातला बेत मला पटला नाही. काळोख आणावा लागत असेल तर हिशेब कुठेतरी चुकलाय.

नुसती तत्त्वं सांगून उपयोग नाही, म्हणून एकच कादंबरी उघडून बसू. कारेल चापेक हा चेक लेखक. १९२०च्या त्याच्या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगाला मिळाला. तो सुचवला त्याचा भाऊ योसेफ याने, आणि मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगार. पण आपल्याला हवी आहे ती १९३६ची त्याची कादंबरी, इंग्रजीत ‘वॉर विथ द न्यूट्स’ या नावाने मिळते ती. सुमात्राजवळच्या ताना मासा बेटाच्या एका खाडीत व्हान टोख नावाच्या म्हाताऱ्या कप्तानाला माणसाच्या मुलाएवढे, दोन पायांवर उभे राहणारे सॅलमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे उभयचर प्राणी, सापडतात. हाताने चपळ, स्वभावाने गरीब. कप्तान त्यांना शार्क मारायला सुऱ्या देतो, ते त्याला मोती काढून देतात. इथवर साहसकथा.

या प्राण्याला चापेकने दिलेलं नाव त्याच्या पदरचं नाही. अँड्रियास शॉयख्त्सेरी नावाचा नामशेष झालेला राक्षसी सॅलमँडर खरोखर होता. झुरिचच्या योहान शॉयख्त्सर या वैद्याने त्याचा सांगाडा पाहून १७२६ साली जाहीर केलं की हा नोआच्या जलप्रलयात बुडालेला पापी माणूस आहे. पुढे १८११ साली फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हियेने दाखवून दिलं की माणूस कसला, हा सॅलमँडर. म्हणजे सॅलमँडरला माणूस समजण्याची गफलत विज्ञानाने आधीच करून ठेवली होती. चापेकने ती उचलली आणि उलटी फिरवली. (गंमत म्हणजे त्याच १७२६ साली स्विफ्टचा गलिव्हर बाजारात आला, त्यात एक संशोधक आठ वर्षं काकडीतून सूर्यकिरण काढायच्या खटपटीत आहे.) विज्ञान आणि उपरोध यांचा सांधा इथे दिसतो. प्राणीशास्त्रातलं एक खरं नाव आणि एक खरी फजिती, दोन्ही एकाच ओळीत. तुम्हाला असा सांधा सापडला असेल तर सोडू नका.

मग कप्तान वारतो. मोत्यांचा भाव पडलेला असतो. ज्याच्या पैशावर कप्तानाचा धंदा चालला होता तो कंपनीमालक बाँडी भागधारकांची सभा बोलावतो, आणि चापेक ते प्रकरण चक्क सभेच्या इतिवृत्ताच्या रूपात लिहितो. बाँडी म्हणतो, मोती विसरा, आता सॅलमँडरच विकू. बंदरं, धरणं, बांध, पाण्यातलं काम पडेल तितकं आहे. सभा टाळ्या वाजवते. जगाचा शेवट ज्या क्षणी नक्की होतो तो क्षण इतिवृत्तात एक ठराव म्हणून नोंदला जातो. खलनायक नाही, गडगडाट नाही. सूचक, अनुमोदक, मंजूर.

त्यानंतर येतात बाजारभाव. सॅलमँडरांच्या सहा प्रतवाऱ्या पडतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मुकादम, अवजड, टोळीतले, हरकामे, भंगार आणि अंडी-पिल्लं. भंगार माल सुटा विकत नाहीत, घाऊक वजनावर जातो. हे पान मी कार्यशाळेत मोठ्याने वाचून दाखवतो. ‘मुकादम’ला पोरं हसतात, ‘हरकामे’ला हसतात, ‘भंगार’ला निम्मी गप्प होतात. लेखकाने आवाज जराही बदललेला नाही. शेअर बाजाराच्या वार्ताहराची तीच कोरडी भाषा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आहे; बदलला आहे तो वाचणारा. तुमच्या वाचकांनी ‘विनोद कुठे गेला’ विचारलं, कारण तुमच्या दुसऱ्या भागात निवेदकच गंभीर झाला. वाचकाच्या वाटचं दचकणं तुम्ही स्वतः उरकून टाकलंत.

कादंबरीचा मधला भाग बहुतांशी कात्रणांचा आहे. बाँडीचा दरवान पोव्होंद्रा सॅलमँडरविषयी छापून आलेलं सगळं कापून ठेवतो: जाहिराती, परिषदांचे ठराव, विद्वानांचे वाद, वेगवेगळ्या टाइपात, लांबच लांब तळटीपांसकट. आणि ही कादंबरी आधी क्रमशः आली ती ‘लिदोव्हे नोव्हिनी’ या दैनिकात. चापेक तिथलाच पत्रकार. म्हणजे वाचक खऱ्या वर्तमानपत्रात खोट्या वर्तमानपत्राची कात्रणं वाचत होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात अँडी नावाचा सॅलमँडर आपल्या रखवालदाराकडून बोलायला आणि संध्याकाळचा पेपर वाचायला शिकतो. शास्त्रज्ञांचं मंडळ त्याची तोंडी परीक्षा घेतं, तेव्हा तो पेपरातली मतं आणि जाहिराती धडाधड म्हणून दाखवतो. मंडळाच्या अहवालाचा मथितार्थ असा की याच्या बुद्धीचं फार कौतुक नको, आजकालच्या साधारण माणसापेक्षा ती काही जास्त नाही. परीक्षेला कोण बसलं होतं आणि नापास कोण झालं, हे सांगायला चापेक थांबत नाही.

आता मला ज्यावर थोडं रेंगाळायचं आहे तो मुद्दा. सॅलमँडर माणसांवर उठतात ते का? लेखक कच्चा असता तर म्हणाला असता, अन्यायाने पेटून. चापेक म्हणतो, किनारा कमी पडला म्हणून. त्यांना उथळ पाणी लागतं. खोल समुद्रात ते वस्ती करू शकत नाहीत. संख्या वाढत जाते, जगाच्या किनाऱ्याची लांबी तेवढीच. मग किनारा वाढवायचा कसा? जमीन फोडून, खाड्या पाडून. त्यासाठी लागणारी हत्यारं आणि स्फोटकं त्यांना कोण देतं? ज्यांचा किनारा फुटणार तीच राष्ट्रं, कारण गिऱ्हाईक रोकडं आहे. अमेरिकेतल्या लुइझियानाचा किनारा खचतो, पुढे सॅलमँडरांचा सरदार रेडिओवरून जमिनीची मागणी करतो आणि तडजोडीसाठी वाडुझला, म्हणजे चिमुकल्या लिख्टेनश्टाइनच्या राजधानीत, परिषद भरते. तिथे सॅलमँडरांची बाजू मांडायला येतात माणसांतले नामांकित वकील.

बघा, प्राण्याच्या शरीराचा एक नियम, व्यापाऱ्याचा एक स्वभाव, आणि त्यातून भूखंड बुडणं. तीन प्रकार तुम्ही वेगळे काढून दाखवा पाहू. किनाऱ्याच्या लांबीचं गणित काढलं तर विनोदही जातो आणि भीतीही.

चापेक २५ डिसेंबर १९३८ला गेला. नाझींनी प्राग घेतल्यावर मार्च १९३९मध्ये गेस्टापोची, म्हणजे त्यांच्या गुप्त पोलिसांची, माणसं त्याला अटक करायला घरी आली. त्यांच्या कागदांवर तो अजून हयात होता. तुमची कादंबरी वाचताना ही गोष्ट मला सारखी आठवत होती.

दुसरं उदाहरण थोडक्यात, कारण निवेदकाचा मुद्दा त्याशिवाय पुरा होत नाही. येवगेनी झाम्यातिन हा रशियन लेखक पेशाने जहाज-अभियंता. १९१६-१७ साली तो इंग्लंडात न्यूकॅसलला बर्फफोडी जहाजांच्या बांधणीवर देखरेख करत होता. त्याची ‘वुई’ १९२४ साली आधी इंग्रजी भाषांतरात आली, रशियात छापली गेली १९८८ साली. त्या राज्यात माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत, घरं काचेची, उठणं, जेवणं, फिरणं सगळं एका तक्त्याप्रमाणे. त्यांचा ऋषी म्हणजे टेलर, कारखान्यात घड्याळ लावून कामगाराच्या हालचाली मोजायचं शास्त्र काढणारा अमेरिकन अभियंता. निवेदक डी-५०३ भारावून लिहितो की प्राचीन वाङ्मयातली सर्वांत थोर कृती कोणती, तर रेल्वेचं वेळापत्रक. लोकलच्या वेळांवर ज्यांचं आयुष्य बेतलेलं आहे अशा आपल्याकडच्या वाचकाला हे वाक्य जरा जास्तच कळतं.

हे वाक्य विनोदी आहे हे डी-५०३ला ठाऊक नाही, आणि खुबी तिथे आहे. तो प्रामाणिक भक्त आहे. मध्ये तो प्रेमात पडतो, डळमळतो, लिहिणंही विस्कटतं. मग शस्त्रक्रिया करून त्याची कल्पनाशक्ती काढली जाते, आणि शेवटच्या पानावर तो पुन्हा आपल्या जुन्या नीटनेटक्या भाषेत येतो. फरक इतकाच की आता ज्या बाईवर त्याचं प्रेम होतं तिचा छळ तो समोर बसून पाहतो आहे. पहिल्या पानावर आपल्याला हसवणारा सूर तोच. मला तर शेवट वाचून पहिलं पान उघडायचं धाडस बरेच दिवस झालं नव्हतं.

सगळ्यांनाच हे साधतं असं नाही. ऑल्डस हक्सलीने १९३२ची आपली ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही कादंबरी एच. जी. वेल्सच्या गोडगोड स्वप्नराज्यांची टर उडवायच्या विचाराने सुरू केली. क्रुसांची वरची टोकं छाटून फोर्ड गाडीचं ‘टी’ करणं ही कल्पना फक्कडच. पण उत्तरार्धात दोन पात्रं समोरासमोर बसून आनंद मोठा की स्वातंत्र्य, यावर जो वाद घालतात तिथे मला कादंबरी बाजूला राहून वक्तृत्व सभा सुरू झाल्यासारखं वाटतं. अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगटची पहिली कादंबरी ‘प्लेअर पियानो’ १९५२ची. तो जनरल इलेक्ट्रिकमध्ये प्रसिद्धीखात्यात होता, यंत्र कामगाराची जागा घेताना त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. त्यात एक परदेशी शहा अमेरिका बघायला येतो आणि सुखवस्तू नागरिकांना आपल्या भाषेत ‘गुलाम’ म्हणत फिरतो. दुभाषा त्याला परोपरीने समजावतो. प्रकरणं मजेदार आहेत. पण मुख्य गोष्टीपासून ती सुटी, म्हणजे उपरोध पाहुणा म्हणून येऊन चहा पिऊन जातो. तुमच्या कादंबरीतला स्टँड-अप विनोदवीर मला तसाच वाटला. त्याला काढून टाका. त्याचे विनोद चांगले आहेत हे मला मान्य आहे, तरी काढा.

आपल्याकडे हे मिश्रण कमी का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. माझा अंदाज: आपण दोन कप्पे फार लवकर वेगळे केले. मराठी विज्ञानकथा वाढली ती मोठ्या प्रमाणात प्रबोधनाच्या अंगाने. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, तिथून किती जणांना लिहिण्याचं बळ आलं. पण वाचकाला विज्ञान समजावं ही जबाबदारी खांद्यावर असली की निवेदक शहाणा लागतो. उपरोधाला नेमका उलटा माणूस हवा: गंभीर चेहऱ्याचा, चुकीच्या गोष्टीवर भाबडी श्रद्धा असलेला. तो आपल्याकडे होता की! श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मधला सुदामा, सोबत बंडूनाना आणि पांडूतात्या. सनातन चालीरीतींची बाजू घेत घेत ते तिची अशी काही शोभा करतात की विरोधकाला बोलायचं कामच उरत नाही. पण तो ‘विनोदी’ या कपाटात गेला आणि विज्ञानकथा दुसऱ्या. सुदाम्याला कुणी प्रयोगशाळेत नेलंच नाही. तुम्ही न्या.

आता तुमचं हस्तलिखित. हयातीचा दाखला ही तुमची किनाऱ्याची लांबी आहे, आणि ती तुम्हाला फुकटात मिळालेली आहे. २०१४च्या नोव्हेंबरापासून ‘जीवन प्रमाण’, म्हणजे यंत्रावर द्यायचा हयातीचा दाखला, आलं. आधी बोटांचे ठसे नाहीतर डोळे, पुढे चेहरासुद्धा. माझ्या मावशीचा ठसा एका वर्षी यंत्राने घेतला नाही. सत्तर वर्षं भांडी घासलेला अंगठा, रेषा राहिल्यात कुठे. खिडकीमागचा मुलगा सभ्यपणे म्हणाला, ‘आजी, तुम्ही आहात हे मला दिसतंय, पण सिस्टीम नाही म्हणतेय.’ मावशीने विचारलं, ‘मग मी आता कुठे जाऊ?’ त्याला प्रश्न पेन्शनचा वाटला, त्याने शाखेचा पत्ता दिला. असं वाक्य बनवता येत नाही, ते खिडकीवर जाऊन ऐकावं लागतं. तुमची पहिली शंभर पानं याच मातीची आहेत म्हणून जमली.

बिघडलंय कुठे? तुमच्या पान ११२वर, जिथे ‘महासंचालक’ अवतरतो आणि प्रतिकृतींना हाताशी धरून देश ताब्यात घेतो. तोवर तुमच्या जगात पेन्शन, सर्व्हर, सुना आणि कारकून होते. हा गृहस्थ आला कुठून? तो दुसऱ्या पुस्तकातून आलाय आणि आपल्यासोबत तिथलं काळं आभाळही घेऊन आलाय.

त्याच्या ऐवजी एक साधा प्रश्न विचारा, जो तुमच्या दोनशे पानांत कुणीच विचारलेला नाही: सर्व्हरचं भाडं कोण भरतं? तुम्ही सगळी यंत्रणा बारकाईने रचलीत आणि विजेचं बिल विसरलात. समजा भाडं पेन्शनमधून जातं. भाडं दरवर्षी वाढतं, पेन्शन त्या मानाने नाही. एक दिवस तूट येते. आजोबांना बंद करायचं का? घरात कुणाची छाती होत नाही. मग सून म्हणते, बाबा रिकामेच तर असतात, काहीतरी काम करू देत. आजोबा आयुष्यभर जकात नाक्यावर होते, हिशेबाला पक्के. रात्री कुणाचे तरी हिशेब तपासू लागतात. त्यांना झोप नको, जेवण नको, रजा नको. पगार फक्त भाड्यापुरता. शेजारचे आपल्या गेलेल्या मास्तरकाकांना शिकवणीला लावतात. मग एखादी कंपनी जाहिरात देते: अनुभवी दिवंगत पाहिजेत.

पुढचं मी सांगायला नको. मेलेल्या माणसाच्या दराने काम करणं जिवंत माणसाला परवडत नाही. या सगळ्यात वाईट कुणीच नाही. सून तर बिचारी सासऱ्याला जपायला निघाली होती. पोव्होंद्रा शेवटी शेवटी प्रागमध्ये नदीकाठी मुलासोबत मासे धरायला बसलेला असताना त्याला पाण्यावर सॅलमँडरचं डोकं दिसतं, आणि तो घरी येऊन अंथरूण धरतो. त्याची एकच टोचणी असते: त्या दिवशी कप्तानाला मालकाकडे आत मीच सोडलं. जगबुडीचा दोष स्वतःकडे घेणारा दरवान. हसू येतं, आणि अंगावर काटाही. तुमची सून ही तुमची पोव्होंद्रा आहे, तिला शेवटपर्यंत सोबत ठेवा.

आणि पहिल्या प्रकरणातला तो खिडकीवरचा कारकून. त्याला तुम्ही पान ४०नंतर विसरलात, त्याला परत बोलवा. सुरुवातीला त्याच्यापुढे मेलेल्यांची रांग आहे, हयातीच्या दाखल्यासाठी. शेवटच्या प्रकरणात त्याच खिडकीपुढे जिवंत पोरं उभी करा, मृत्यूच्या दाखल्यासाठी, कारण त्याशिवाय नोकरीचा अर्ज भरता येत नाही. बावीस-तेवीस वर्षांची, हातात प्लास्टिकच्या फाइली. कारकुनाने पहिल्या प्रकरणात जे विचारलं होतं तेच त्याच सुरात विचारावं, वर न बघता: ‘फोटो दोन आणलेत ना? आणि मागे नाव लिहा.’